बंद होणारा कंस

सतरापैकी अकरावी पायरी.
तिथेच, पुन्हा.
योवितानं मान मागे टाकली, खुर्ची करकरली.
बाहेर क्लायपेदाच्या बंदरात क्रेन उभ्या,
बर्फात पाय रोवून, रिकाम्या हातांनी,
आणि खाडीवरचा वारा खिडकीच्या फटीत
शिटी मारत नाही, नुसता कण्हतोय.

पहाटे सहाला गव्हाचे ट्रक येतील,
वजनकाट्यावर चढतील एकामागून एक.
काट्याला नवं डोकं हवंय, ते अजून घडत नाही.
दहा थर बसतात मुकाट,
त्यातले सात तर कॅशमधून उचललेले,
विचारपूसही न करता.
अकराव्याला मशीन म्हणतं:
अशी फाईल नाही.

आहे की!
तिनंच ठेवली, नवव्या पायरीत.
तिनं नाव बदलून पाहिलं.
परवानग्या दिल्या, सगळ्यांना, उदार होऊन.
कॅश झाडून पुसून काढली
आणि वीस मिनिटं सगळं पायापासून चढताना बघत
गार झालेलं बीटाचं सूप प्यायली.
अशी फाईल नाही.

"बाहेरून ओरडून काय होणार,"
मांतविदास फोनवर म्हणाला,
पोरीला थोपटत, अर्ध्या आवाजात,
"आत जा."

मग तिनं ती कमांड दिली,
जी शिकायला गेले वर्षभर वेळ नव्हता:
पडेल तिथेच थांब. आवरू नकोस काही.
मला आत घे.

आत काहीच नव्हतं.
म्हणजे, इतकं कमी होतं, की
काय काय आहे हे विचारायचीही सोय नव्हती.
यादी दाखवणारी कमांड नाही, एडिटर नाही,
एकटं शेल, बोललेलं परत बोलणारं.
तेव्हा तिनं त्याला म्हटलं, एको,
आणि पुढे एक चांदणी.
काळ्यावर नावं उमटली, एका रांगेत,
आणि चौथं नाव तेच.
काखेत कळसा.

वाचून दाखव मग, ती म्हणाली, ओळ न् ओळ,
आणि प्रत्येक ओळ कंसात घाल,
म्हणजे कुठे सांडतंय ते कळेल.

पहिली ओळ आली.
उघडणारा कंस गायब.
बंद होणारा कंस ओळीच्या सुरुवातीला,
दुसऱ्याच्या खुर्चीत बसावं तसा.
दुसरी ओळ, तसंच.
तिसरी.

ती हसली की खोकली, तिला सांगता आलं नसतं.
ध चा मा कुणी केला नव्हता.
ध होता जागच्या जागी,
त्याच्यामागे फक्त एक न दिसणारं अक्षर,
प्रत्येक ओळीच्या टोकाला, जे म्हणतं:
डावीकडे परत फिर.

फेरीबोटीत बसून, बहिणीच्या लॅपटॉपवर
मांतविदासनं दोन शब्द सुधारले होते, शुक्रवारी.
दोनच. बाकीचं विंडोजनं केलं.
मशीन खोटं बोलत नव्हतं.
ते हिच्या फाईलला नाही म्हणतच नव्हतं,
त्या फाईलनं ज्याला हाक मारली होती
त्याच्या नावाला शेपूट होतं,
आणि शेपटासकट कुणी त्या नावाचं
गावात राहत नव्हतं.

आई, आल्दोना, बंदराच्या कचेरीत
जहाजांच्या मालाच्या याद्या टंकायची.
ओळ संपली की घंटी, मग तळहातानं
तो लोखंडी गाडा डावीकडे ढकलायचा.
उजवा खांदा अजून दुखतो तिचा, थंडीत.
टंकयंत्रं भंगारात गेली. तो धक्का
कसा कोण जाणे, राहिला.

एका ओळीत तिनं शेपटं छाटली.
अकरावी पायरी. बारावी.
चौदाव्याला जरा अडखळलं, काळीज हललं,
नुसतं नेटवर्क होतं.
सतरा.

"झालं," ती फोनला म्हणाली.
तिकडे मांतविदास घोरत होता.
"कोण आहे?" पोरीनं विचारलं,
टक्क जागी.